हास्य आणि थट्टा

चेन्नईच्या एग्मोर भागात १८२१ साली उपासनेस खुले झालेले सेंट अँड्र्यूज चर्च आहे, तसेच १८९६ सालचे म्युझियम थिएटरही आहे. उपदेशाची आणि नाटकाची अशी दोन्ही व्यासपीठे एकाच परिसरात नांदतात.

हसविणाऱ्यास तमिळ बांधव ‘कोमाळी’ म्हणतात. आपण विदूषक, सोंगाड्या म्हणतो. सोंगाड्या स्वतःचे हसे करून इतरांना हसवितो. थट्टेखोर, टवाळखोर हे शब्द मात्र निराळे; ते दुसऱ्यास खाली पाहावयास लावतात.

पवित्र शास्त्रातही हा भेद आहे. अविश्वासाने हसलेल्या सारेस देवाने पुत्र दिला. त्या इसहाकाच्या नावाचा अर्थच ‘तो हसतो’. उलट, शेजाऱ्यास फसवून ‘गंमत केली’ म्हणणाऱ्यास नीतिसूत्रे २६ मध्ये जळती कोलिते फेकणाऱ्या वेड्याची उपमा आहे. प्रभू येशूचे डोळे बांधून त्याला मारणाऱ्यांनीही थट्टाच केली होती.

मंडळीत तोतऱ्या बांधवाची नक्कल होते, सारे हसतात. तोही हसतो, पण पुढील रविवारी त्याची जागा रिकामी असते.

म्हणून विनोदाचा भार स्वतःवर पडत असेल तर खुशाल हसवावे. दुर्बळावर पडत असेल तर तो शब्द ओठांतच राहू द्यावा.