जुन्या घरांतील नवा संसार

घर जुनें असावें, पण सोयी नव्या असाव्यात, ही इच्छा रास्त आहे. तिची किंमत कोणी द्यावी, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. मुंबईंत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस १९३० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाल्या. सिमेंट काँक्रीट, गोलाकार सज्जे, खिडक्यांवरील छज्जे हें सारें त्या काळीं अद्ययावतच होतें. छज्जा तर ऊनपावसाच्या निवारणासाठींच होता. तेव्हां तेथील एखाद्या लहान बिऱ्हाडानें मुलाच्या अभ्यासासाठीं सज्जा बंद केला, तर त्यास नांवें कोणत्या तोंडानें ठेवावीं? गरज खरी आहे. तथापि सज्ज्याची रेषा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची आहे, आणि वारा घरांतील सर्वांचा. म्हणून विवेक असा कीं, जें पुनः पूर्ववत् करतां येईल, तें खुशाल बदलावें. जें एकदां फोडलें कीं परत येत नाहीं, तेथें हात आंवरावा. मुलाचें मेज सज्ज्यांत मांडावें, पडदा लावावा. भिंत घालूं नये. घर आपल्या नांवावर असतें; त्याचें वय मात्र आपल्या मालकीचें नसतें.