उद्भव कोणी राखायचा?

धरणे मोठ्या नळांनी एकमेकांना जोडली की मराठवाड्यातल्या गावांना आपापल्या विहिरी जपत बसण्याची गरज उरणार नाही, असा दावा वॉटर ग्रिडच्या बाजूने केला जातो. तो मला नुसता चुकीचा नव्हे, घातक वाटतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते नळ नव्हते म्हणून नव्हे. मांजरा धरण आटले होते म्हणून. पावसाने दगा दिला की विहिरीसारखेच धरणही कोरडे पडते. दूरच्या धरणाच्या भरवशावर गावाने आपल्या उद्भवाकडे, म्हणजे गावातल्या पाण्याच्या मूळ स्रोताकडे, पाठ फिरवली, तर टंचाईच्या वर्षी त्याच्या हाती टँकरखेरीज काही राहत नाही.

जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवून घरोघरी नळ नेले. काम मोठे आहे. पण विहिरीला पाणी नसेल तर टाकी आणि नळ दोन्ही निरुपयोगी. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बसाल्टचा. या खडकात पाणी मावते ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. नाल्याकाठच्या सार्वजनिक विहिरीला झरे फुटतात ते याच थरातून. शेजारच्या शेतात दोन-तीनशे फुटांची बोअर पडली आणि केसिंग अपुरे राहिले, की वरच्या थरातले पाणी त्या भोकातून खाली उतरते. त्यात मोटर रात्रंदिवस चालली तर विहिरीचे झरे उन्हाळ्याआधीच बारीक होतात. कायदा आहे. १९९३ पासून सार्वजनिक उद्भवाच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. २००९ च्या अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींनाही मनाई केली. तरीही रात्री बोअर पाडणारी रिग येते आणि तालुक्याच्या कचेरीला कळेपर्यंत पाणबुडी मोटर बसलेलीसुद्धा असते. रिग आल्याचे आधी कळते ते गावाला. म्हणून पहाराही गावाचाच हवा.

पण गाव स्वतःलाच आवर घालील कसा? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचेच, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. सामाईक मालमत्ता सगळे ओरबाडणारच, हे गॅरेट हार्डिनचे १९६८ चे प्रतिपादन तिच्या मदतीला येते. मला राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम जवळची वाटते ती इथे. तिला २००९ मध्ये नोबेल मिळाले हे सर्वांना माहीत असते. तिचा १९६५ चा प्रबंध भूजलावर होता, हे क्वचितच सांगितले जाते. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमध्ये उपसा इतका वाढला की समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरू लागले. उपसा करणारे एकत्र आले, त्यांनी भूगर्भाची मोजणी करून घेतली, न्यायालयात जाऊन प्रत्येकाचा वाटा ठरवून घेतला आणि कोणी किती उपसले याचा हिशेब सर्वांसमोर येईल अशी व्यवस्था लावली. सहकार्य टिकले ते आकडे उघडे होते आणि पाठीशी न्यायालय होते म्हणून. आपल्याकडच्या हिवरे बाजार या गावानेही तेच केले: पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि मग पिके ठरवायची. सिंचनासाठी बोअर बंद, ऊस बंद. ही सारी पोपटराव पवारांची किमया, इतरांना ती जमणार नाही, असे म्हणणारे त्या गावाचा नेता पाहतात. तिथला दरवर्षीचा हिशेब पाहत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप बाबासाहेब आंबेडकरांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटना समितीत ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले, त्यामागे महाडचा अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत दलित लोक ते पाणी प्यायले तेव्हा त्यांना मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. तिथे पाण्यावर पहारा ठेवणारा समाज होताच. त्याचा पहारा माणसांविरुद्ध होता. आजही पाणी समितीत ज्याच्या चार बोअरी आहेत तोच बसला, तर ५०० मीटरचे वर्तुळ त्याच्या बांधापाशी येऊन थांबेल आणि दलित वस्तीचा हातपंप उद्भव म्हणून गावाच्या पाणी आराखड्यात नोंदलाही जाणार नाही. तेव्हा ‘गावावर सोडा’ एवढे म्हणून भागत नाही; सत्ता गावाकडे हवी आणि गावाविरुद्ध दाद मागण्याची सोयही हवी.

म्हणून आराखड्याची सुरुवात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर व्हावी. प्रत्येक वस्तीचा प्रत्येक उद्भव, त्याभोवतीच्या सर्व विहिरी-बोअरी, त्यांची खोली आणि विहिरींतली दर महिन्याची पाणीपातळी तिथे लिहिलेली असावी, मालकाच्या नावासह. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा भूवैज्ञानिक ग्रामसभेत येऊन त्या आकड्यांना उत्तरदायी राहावा. रिग दिसल्यावर कोणाही रहिवाशाने, मग तो भूमिहीन का असेना, तक्रार दिली तर ती ठराविक मुदतीत लेखी निकाली निघावी, आणि ती दाबली गेल्यास त्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे थेट जाता यावे.