दोष पाहणें आणि दोष ओळखणें

संगणकाच्या प्रोग्राममधील चूक सांपडत नसली म्हणजे ती शोधण्याच्या दोन वाटा असतात. पहिली वाट जुनी. प्रोग्राममध्यें जागोजाग छपाईची आज्ञा, म्हणजे 'प्रिंट', घालावी आणि अमुक ठिकाणीं अमुक राशीचें मूल्य काय होतें हें यंत्राकडूनच लिहवून घ्यावें. दुसरी वाट डीबगरची. त्यांत प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवितां येतो, एकेक पाऊल पुढें चालवितां येतो, आणि त्या क्षणींच्या राशी पडद्यावर मांडलेल्या दिसतात. यांपैकीं श्रेयस्कर कोणती, हा वाद प्रथमदर्शनीं केवळ कारागिरांचा वाटेल; परंतु त्याच्या मुळाशीं आपणां सर्वांचाच एक प्रश्न आहे. स्वतःची चूक मनुष्याला कळते तरी कशानें?

प्रिंटचे कैवारी म्हणतात कीं, कोठें व काय विचारावयाचें हें ठरविल्यावांचून ही आज्ञा लिहितांच येत नाहीं. उलट डीबगर हातीं असला कीं मनुष्य तर्क सोडून नुसता पाहत बसतो. यांत तथ्य आहे. पण जेथें संशय, तेथेंच आपण प्रश्न ठेवतों. आणि चूक पुष्कळदां नेमकी निःसंशय जागीं दडलेली असते. स्वतःच्या लेखाचीं मुद्रितें ज्यानें तपासलीं असतील त्याला हें सांगावयास नको. छापलेलें दिसतच नाहीं. मनांत असलेलेंच दिसतें. न विचारलेलेंही डीबगर दाखवितो, हा त्याचा मोठा उपकार होय.

मात्र थांबवून पाहिलेली गोष्ट चालत्या गोष्टीहून निराळी असूं शकते. थेरॅक-२५ या किरणोपचार-यंत्रामुळें १९८५ ते १९८७ या काळांत निदान सहा रोग्यांना भयंकर अतिमात्रा मिळाली. टेक्ससमधील टायलर येथें मार्च १९८६ मध्यें असा अपघात झाला. तज्ज्ञांना तपासणींत दोष आढळला नाहीं. अतिमात्रा संभवतच नाहीं असें सांगण्यांत आलें. यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि एप्रिलमध्यें आणखी एक रोगी त्याला बळी पडला. हे दोघेही पुढें दगावले. तेव्हां तेथील भौतिकशास्त्रज्ञ व यंत्रचालिका यांनीं तोच प्रसंग पुनःपुन्हां घडवून पाहिला. चुकीची नोंद सरावलेल्या बोटांनीं झपाट्यानें दुरुस्त केली तरच दोष प्रकट होई. सावकाश काम करणाऱ्याला तो दिसत नसे.

तेव्हां माझ्या मतें आधीं विचार करून प्रश्न विचारावा, आणि प्रश्नच चुकला असें वाटूं लागतांच डीबगर उघडावा. दोन्ही वाटांचा उपयोग आहेच. परंतु 'माझ्याकडून असें होणेंच शक्य नाहीं' या समजुतीला बाधा येईल असें कांहीं पाहण्याची ज्याची तयारी नाहीं, त्याला पडद्यावर सारें मांडून दाखविलें तरी चूक दिसणार नाहीं. टायलरला ती त्या दोघांना सांपडली, कारण घडलेली गोष्ट घडलीच नाहीं असें म्हणण्यास तीं तयार नव्हतीं.