देवद्वारीचा व्यापार

घोडेगाव, डिंभे या मार्गाने भीमाशंकरास जाणारी वाट आंबेगाव तालुक्याची. देवस्थान मात्र खेडच्या हद्दीत. देवळासमोर एक पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या वेळी हाती आलेल्या ख्रिस्ती देवळांच्या घंटांपैकी ती एक, असे परंपरेने सांगतात. ख्रिस्तभक्तांस प्रार्थनेला बोलाविण्यासाठी ओतलेली ती वस्तू शंकराच्या दारी आली ती तलवारीच्या बळावर. तिचे मोल कोणी केले नाही. परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ज्या पायऱ्या उतराव्या लागतात, त्यांच्या दुतर्फा मोल केल्यावाचून काहीच मिळत नाही. रुद्राक्ष, गंडे, तसबिरी, पेढे, सर्व काही मांडलेले असते. आमच्याबरोबर आलेल्या एका स्नेह्यांना घंटा पाहून वांद्र्याच्या मोत मावलीची जत्रा आठवली. तेथील मेणाच्या हातापायांची दुकाने त्यांनी पाहिली होती. "या ख्रिस्ती लोकांनी धर्माचा निव्वळ बाजार मांडला आहे!" असे ते मोठ्या तळमळीने म्हणाले. तसे म्हणताना त्यांच्या हातात नुकतीच घेतलेली रुद्राक्षाची माळ होती.

स्नेह्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण त्यांच्या उद्गारात एक खरा प्रश्न दडलेला आहे. श्रद्धेच्या वस्तूंवर नफा घेणे हे पाप आहे काय? आणि असल्यास ते नेमके कोठे सुरू होते?

ख्रिस्ताने यरुशलेमच्या मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकले, ही कथा या प्रश्नाचे शेवटचे उत्तर म्हणून नेहमी पुढे करतात. त्या कथेत कबुतरे विकणाऱ्यांचाही उल्लेख आहे, तिकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ज्यास कोकरू परवडत नसे त्याने कबुतरांची जोडी अर्पावी, अशी मोशेच्या नियमशास्त्रात सवलत होती. कबुतरांचे गिऱ्हाईक बहुधा गरीबच असणार. त्याला देवापाशी जाण्याची जी एकच वाट परवडण्याजोगी, तिच्याच तोंडाशी हे विक्रेते बसले होते.

याहूनही उद्बोधक कथा इफिसच्या देमेत्रियाची आहे. अर्तमी देवीची रुप्याची देव्हारी घडविणारा हा सोनार. पौलाच्या उपदेशाने हातांनी केलेल्या देवांवरचा लोकांचा विश्वास उडू लागला, तेव्हा त्याने आपल्या धंद्याचे लोक जमवून भाषण केले. त्यात प्रथम धंदा बुडण्याची भीती आली आणि देवीच्या अपमानाची काळजी मागाहून. हा क्रम पाहण्यासारखा आहे. पुढे सारे शहर देवीच्या नावाने तास दोन तास गर्जत राहिले. धंद्याचे नाव कोणाच्या तोंडी उरले नाही. व्यापारी श्रद्धेवर पोट भरतो, यात आम्हास मोठा धोका दिसत नाही. तो श्रद्धेचा पहारेकरी होऊन प्रश्न विचारणाऱ्यास दारातून हाकलू लागतो, तेव्हा मात्र भय वाटते.

व्यापार आणि धर्म यांचा संबंध नेहमी असाच असतो असेही नाही. आंबेगावच्या शेजारीच जुन्नर आहे. तेथील बौद्ध लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. धर्मकार्यासाठीचे द्रव्य बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंदही तेथील लेखांत आढळते. अशा ठेवीचे मुद्दल कायम राही आणि व्याज दानाच्या कामी येई. धर्माच्या पैशावर त्या श्रेणींनीही चार पैसे मिळविले असतीलच. त्यावाचून व्याज कोठून येणार? तरी त्या व्यवहारात आम्हास किल्मिष दिसत नाही, कारण बुरुडाने टोपल्या विकल्या आणि कासाराने भांडी. पुण्य दोघांनीही विकले नाही.

हाच भेद वांद्र्यास लावून पाहू. मोत मावलीच्या जत्रेत, सप्टेंबर महिन्यात, ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्यास घर हवे तो मेणाचे घर वाहतो. आणि वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. मेणास किंमत आहे, साच्यास आहे, उन्हात उभे राहण्याच्या श्रमासही आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून प्रसिद्धीस आलेल्या झऱ्याचे पाणी कोणासही फुकट मिळते. गावातील दुकानदार विकतात त्या बाटल्या. पात्राचे पैसे घ्यावेत, पाण्याचे घेऊ नयेत, असा हा हिशेब.

हिशेब चोख दिसतो, पण तो पुरा पडत नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. एका वर्षी त्या जत्रेत एक बाई लहान मुलाचा मेणाचा पाय हातात घेऊन भाव करीत होती. विक्रेता उतरेना. अखेर तो म्हणाला, "घ्या बाई, नक्की गुण येईल." बाईने घासाघीस तेथेच सोडली आणि मागितले तेवढे पैसे मोजले. त्या एका वाक्याचे जे काही जास्त पैसे तिने दिले, ते मेणाचे नव्हते, साच्याचेही नव्हते. आम्ही जवळच उभे होतो आणि काही बोललो नाही. बोलून तिची आशा मोडण्याचा अधिकार आम्हास होता काय, याचा निर्णय आम्हास अजून करता आलेला नाही. मात्र ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार विक्रेत्यास नव्हता, याविषयी शंका नाही. त्याच वाक्याचा कागद करून टेट्झेलने जर्मनीत पापदंडाच्या माफीपत्रांचा व्यापार चालविला आणि १५१७ साली ल्यूथरला लेखणी उचलणे भाग पडले. आज दूरचित्रवाणीवरून देणगीच्या दसपट समृद्धीचे आश्वासन देणारे उपदेशक त्याचेच वारस होत.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजात याविषयी अधिक सूक्ष्म विवेक करणारी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे आपले इंग्रजी पुस्तक विकले आणि तो पैसा विधवांच्या शिक्षणाच्या कामी लावला; १८८९ साली मुंबईस शारदा सदन उभे राहिले. विक्री झाली, नफाही झाला, परंतु गिऱ्हाइकास पुस्तकाखेरीज दुसरे कशाचेही वचन दिलेले नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे मन याहूनही हळवे. त्यांना मिशनचा पगारही खुपू लागला. १९१७ साली तो सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. टिळकांची आठवण झाली की आम्ही थोडे ओशाळतो, कारण नीतिशास्त्र शिकवून दरमहा वेतन घेण्यात आमचा जन्म गेला.

टिळकांची कसोटी आम्ही पायऱ्यांवरच्या दुकानदारास लावणार नाही. त्याला पोरेबाळे आहेत, आणि पावसाळ्यात त्याच्या मालास बुरशी येते. ती कसोटी आत बसणारांसाठी आहे. पुजारी, पाद्री, विश्वस्त यांच्या शब्दाला देवाच्या सान्निध्याचे वजन असते, आणि त्यांच्यापैकी कोणी "गुण येईल" असे म्हणून हात पुढे केला, तर गरिबाने कोणाकडे पाहावे?

स्नेह्यांची माळ पाहून आम्हीही परतीच्या वाटेवर त्याच दुकानी थांबलो. म्हाताऱ्या दुकानदारास विचारले, "काय हो, या माळेचा गुण काय?" त्याने आमच्याकडे नीट पाहून घेतले.

"गुण माळंचा का तुमच्या भावाचा, ते मला काय ठावं, सायेब? मणी नेपाळचं, ववलं म्या. त्येचं पैसं द्या."

आम्ही दोन माळा घेतल्या.