शिकणारे हात आणि राहतं घर



आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकणारी मुलं सकाळी वर्कशॉपमध्ये येतात, विटा भिजत घालतात, दोरी ताणतात, ओळंबा सोडतात आणि थरावर थर चढवत कमरेएवढी भिंत उभी करतात. सर येऊन कोपऱ्याला गुण्या लावतात, खालच्या थराचे सांधे वरच्या थराने मोडलेत का ते पाहतात आणि जर्नलवर सही करतात. मग ती भिंत उतरवली जाते. विटा खरवडून पुन्हा ढिगावर रचल्या जातात, कारण दुसऱ्या तुकडीला त्याच विटा लागणार असतात. त्यासाठीच सरावाच्या भिंतीत बऱ्याचदा सिमेंट घालत नाहीत, मातीचा नाहीतर चुन्याचा माल वापरतात. सिमेंट एकदा धरलं की वीट सुटत नाही.

यात गैर काहीच नाही. सरावाशिवाय हात बसत नाही, आणि हात बसेपर्यंत भिंत पाडावीच लागते. पण वर्षभर ज्याने पाडण्यासाठीच बांधलं, त्या मुलाला एक गोष्ट शिकायची राहून जाते. आपल्या भिंतीच्या आड कुणीतरी झोपणार आहे, कुणाचं तरी मूल तिला पाठ टेकून अभ्यास करणार आहे, ही ती गोष्ट. ती वर्कशॉपमध्ये शिकवता येत नाही. त्यासाठी खरं घरच बांधायला घ्यावं लागतं.

आणि खरी घरं तर गावोगाव अडून बसली आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग 2016 साली सुरू झाला. त्यात घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं असावं असं ठरलं, आणि सपाट भागातल्या कुटुंबाला त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये देऊ केले गेले. शौचालयाचे पैसे वेगळे आणि रोजगार हमीतून काही दिवसांची मजुरी वेगळी. हे घर ठेकेदाराने बांधायचं नाही, लाभार्थ्याने स्वतः उभं करायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण ज्या शेतमजूर बाईच्या नावावर घरकुल आलं, तिला मिस्त्री शोधायचा, सळई किती मिलिमीटरची घ्यायची ते ठरवायचं, वाळू आणायची, हप्ता पडेपर्यंत उधारी सांभाळायची आणि आपला रोजही बुडू द्यायचा नाही, हे सगळं एकटीने जमवायचं असतं. अशी कितीतरी घरकुलं जोत्यापर्यंत येऊन थांबतात, नाहीतर लिंटेलवर अडकतात. पावसाळा तोंडावर येतो आणि भिंतींवर स्लॅबऐवजी ताडपत्री चढते.

एकीकडे हे अर्धवट घर आणि दुसरीकडे पाडण्यासाठी बांधलेली ती भिंत. दोन्ही एकाच तालुक्यात असतात, कधी कधी चार मैलांच्या अंतरावर. त्यांची गाठ पडायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

त्या घरात एखाद्या शिकाऊ मुलाच्या हातून काय काय होऊ शकतं, ते जरा जवळून पाहू. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो, म्हणून वीट भिजवायची. सिमेंटच्या मालात पाणी पडलं की तो अर्ध्या तासात संपवायचा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो मऊ केला, तर तो दिसतो ताजा, पण त्याची ताकद गेलेली असते. हे मुलाने पुस्तकात वाचलेलं असतं. घाईच्या कामावर मात्र नेमकं हेच होतं, कारण उरलेला माल फेकायला जीव होत नाही. शिकून आलेल्या मुलाने तिथे एवढंच म्हटलं, की काकू, माल थोडा थोडाच कालवू, तर त्या घराचं आयुष्य वाढतं.

वायरमनचं शिकणाऱ्या मुलीचं काम यापेक्षाही मोलाचं. गरिबाच्या घरात दोन बल्ब, एक पंखा आणि मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट एवढंच असतं, तेव्हा अर्थिंग कशाला करायचं, असं सहज म्हटलं जातं. मीठ आणि कोळसा घालून केलेला एक खड्डा, त्यात पुरलेली पट्टी किंवा पाइप आणि तिथून बोर्डापर्यंत आलेली एक तार, एवढंच काम. ते राहून गेलं तर पावसाळ्यात ओल्या हाताने कुणी लोखंडी कूलरला किंवा पाण्याच्या मोटरीला हात लावतं आणि जीव जातो. गरिबाच्या घरात सुरक्षितता ही शेवटी उरलेल्या पैशातून करायची गोष्ट होऊन बसते. शिकणारे हात ती सगळ्यात आधी करून देऊ शकतात.

भिंतीचा आणि जिवाचा हा संबंध महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट किल्लारी आणि आसपासची गावं विसरलेली नाहीत. गणपतीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंप मोठा होताच, पण हजारो माणसं गेली ती घरांखाली सापडून. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकत्र बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. वर माळवदाच्या मातीचा भार. हादरा बसताच भिंती दोन्ही अंगांनी उकलल्या आणि छत खाली आलं. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, त्यांतली कित्येक घरं भिंती ढासळूनही उभी राहिली. ठरावीक अंतरावर एक लांब दगड आडवा घालायचा, एवढंच ते ज्ञान होतं. एखाद्या पिढीत ते हातांतून निसटलं, की त्याची किंमत पुढची पिढी मोजते. म्हणून कारागिराचं शिक्षण हा केवळ पोटापाण्याचा प्रश्न नाही. त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

खऱ्या कामातून शिकण्याची वाट महाराष्ट्रात आधीच घालून दिलेली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतले संशोधक. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापासाचा शिक्का बसलेली मुलंही तिथे आली. हाताने काम करत शिकायचं आणि ते काम गावाला खरोखर लागणारं असावं, हा त्यांचा आग्रह होता. मुलांनी बनवलेली वस्तू कपाटात मांडून ठेवायची नाही, ती कुणाच्या तरी वापरात आली पाहिजे. पाबळचं घुमटाकार घर पुष्कळांनी पाहिलं असेल. लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी आणि जाळीवर सिमेंटचा पातळ थर. छत हलकं असल्यामुळे भूकंपात ते अंगावर कोसळण्याची भीती फार कमी. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण मुलांच्या हातून घराचं छप्पर झाला. नापास म्हणून घरी बसवलेल्या मुलाने हे केलं, की त्याला आपली किंमत दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही.

हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडेही घडलेली आहे. न्यूयॉर्कमधला ईस्ट हार्लेम हा एके काळी पडक्या, सोडून दिलेल्या इमारतींचा भाग होता. तिथे शिकवणाऱ्या डोरोथी स्टोनमन यांनी 1978 च्या सुमारास वस्तीतल्या किशोरवयीन मुलांना विचारलं, तुम्हाला साथ मिळाली तर वस्तीसाठी काय कराल? मुलं म्हणाली, या पडक्या इमारती दुरुस्त करू, म्हणजे लोकांना राहायला घरं मिळतील. आणि मुलांनी खरोखरच एक इमारत उभी केली. त्यातून ‘यूथबिल्ड’ नावाची चळवळ निघाली आणि 1992 साली तिला अमेरिकेच्या कायद्याचा आधार मिळाला. शाळा सुटलेली तरुण मुलं काही वेळ वर्गात बसून राहिलेलं शिक्षण पुरं करतात आणि काही वेळ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधतात. शिक्षण आणि घर, दोन्ही एकाच वेळी उभं राहतं.

आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला 2006 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन हातात हातोडी घेऊन आले होते, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या कामासाठी देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे जमले आणि आठवडाभर खपून त्यांनी शंभर घरांचं काम उभं केलं. कार्टर तेव्हा 82 वर्षांचे होते. या संस्थेची एक रीत मला फार महत्त्वाची वाटते. घर ज्याचं, त्यानेही कामावर घाम गाळायचा. त्यामुळे देणारा वर आणि घेणारा खाली, असं काही उरत नाही. विटांच्या रांगेत दोघं शेजारी शेजारी उभे असतात.

ही रीत आपल्याला परकी नाही. गावची विहीर, मारुतीचं देऊळ, शाळेच्या खोल्या, कितीतरी कामं आपल्या वाडवडिलांनी श्रमदानाने उभी केली. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. या योजनेतून हिवाळ्यात महाविद्यालयांची सात दिवसांची निवासी शिबिरं खेडोपाडी भरतात. मुलं गाव झाडतात, शोषखड्डे खणतात, झाडं लावतात. त्या शिबिरात हातात कसब असलेली मुलंही उतरली, तर गावात एक पुरं झालेलं घर मागे राहील.

मात्र हे काम करताना तीन गोष्टींचं भान ठेवलंच पाहिजे.

पहिली अशी, की गरिबाचं घर म्हणजे चुका करायची जागा नव्हे. मुलांच्या डोक्यावर जुना, जाणता मिस्त्री हवाच. कोपरा त्याने धरायचा, मधली भिंत मुलांनी भरायची. पाया, सळईची बांधणी आणि स्लॅब या कामांत त्याचाच शब्द अखेरचा. ज्या घरासाठी आपण पैसे मोजले असते, तिथे जेवढी काटेकोर नजर ठेवली असती तेवढीच इथेही ठेवायची. किंबहुना थोडी अधिकच, कारण त्या कुटुंबाला घर दुसऱ्यांदा बांधणं परवडणार नाही.

दुसरी, या कामाने कुणाची रोजी बुडता कामा नये. सेवेच्या नावाखाली एखाद्या ठेकेदाराला फुकटचे मजूर पुरवणं हा मुलांवरही अन्याय आणि गावच्या गवंड्यावरही. मिस्त्रीला त्याची पूर्ण मजुरी मिळावी, मुलांना हेल्मेट, हातमोजे आणि बूट मिळावेत, आणि केलेल्या कामाची नोंद त्यांच्या प्रमाणपत्रात व्हावी. सरकारच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात 45 दिवस प्रत्यक्ष घरकुलावर काम करत शिकवण्याची सोय आहे. तिची माहिती आपल्या ग्रामपंचायतीत विचारा.

तिसरी, मुलींना बाजूला ठेवायचं नाही. झारखंडमध्ये शौचालयं बांधायला बायका पुढे आल्या आणि लोक त्यांना मानाने ‘राणी मिस्त्री’ म्हणू लागले. आपल्याकडे बांधकामावर बाई दिसते ती बहुधा डोक्यावर घमेलं घेतलेली. तिच्या हातात थापी आणि ओळंबा यायला हवा.

आणखी एक म्हणजे आपल्या नजरेचा प्रश्न. मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना आईवडिलांचा आवाज खाली जातो. मार्क कमी पडले, दुसरं काही मिळालं नाही, असं पुढे जोडलं जातं. ज्या हातांनी आपली घरं उभी राहतात, त्या हातांविषयी आपण असं बोलत राहिलो, तर हुशार मुलं या कामाकडे फिरकणार नाहीत आणि आपली घरं अर्धवट शिकलेल्या हातांत जातील. ज्या मुलाने अठराव्या वर्षी एका कुटुंबाला डोक्यावर छप्पर दिलं, त्याच्या आईवडिलांनी मान वर करून ते सांगावं.

मुलांनाही यातून शिकण्यासारखं खूप आहे. स्लॅब पडल्यावर त्याला निदान सात दिवस, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक दिवस पाणी द्यावं लागतं. त्याला मोठं कसब लागत नाही. सकाळ-संध्याकाळ आठवणीने शिडी चढावी लागते, तेवढंच. फोटो काढून झालेले असतात, सत्कार उरकलेला असतो, तरीही कुणाला तरी पाणी मारायला जावंच लागतं. माझ्या मते सेवा खरी ठरते ती इथे. काम हातात घेणारे पुष्कळ मिळतात. ते शेवटपर्यंत नेणारा तो खरा कारागीर, आणि माणूस म्हणूनही तोच मोठा.

तेव्हा आज ऐकणाऱ्या प्राचार्यांना, निदेशकांना, सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझी विनंती आहे. आपल्या हद्दीत अडकलेलं एक घरकुल निवडा. शेजारच्या आयटीआयशी बोला. गावातल्या अनुभवी मिस्त्रीला सन्मानाने सोबत घ्या. आणि तरुण मित्रांनो, संधी मिळाली की त्या घरावर जा. ज्या भिंतीला तुम्ही हात लावाल, ती तुमच्या स्वतःच्या आईसाठी बांधत आहात असं समजून बांधा. एका वर्षात एकच घर झालं तरी चालेल, पण ते पुरं करूनच परत या.