उजेड कोणाच्या हातात?

चिचगडच्या परिसरात रात्री रस्त्याने जाताना समोरून बॅटरीचा झोत तोंडावर आला, की माणूस जागीच थांबतो. डोळे दिपतात, हात कपाळाशी जातो आणि आवाज येतो, 'कोण आहे?' विचारणारा बहुधा शेजारीच निघतो. 'मीच हो भाऊ' म्हटले की हसून पुढे जातो. पण देवरी तालुक्याच्या या जंगलपट्टीने नक्षलवादी आणि पोलीस या दोहोंच्या धाकात अनेक वर्षे काढली. त्या काळात झोतामागे कोण उभा आहे हे कळेपर्यंत जिवात जीव नसे. ज्याच्यावर उजेड पडतो तो उघडा पडतो आणि ज्याच्या हातात उजेड असतो तो अंधारातच राहतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

उजेड म्हणजे सत्य आणि अंधार म्हणजे पाप, असे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. हिदायतीला आपण नूर म्हणतो. मराठीतही गुन्हा 'उजेडात' येतो आणि गुन्हेगाराचे तोंड 'काळे' होते. मंडईच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात चेहऱ्यावर लाल प्रकाश पडला, की खलनायक आला हे लहान मुलेही ओळखतात. त्याने अजून तोंडही उघडलेले नसते. निकाल दिव्यानेच दिलेला असतो. मग प्रश्न पडतो : एखाद्यावर उजेड टाकणे म्हणजे त्याला ओळखणे का?

या प्रश्नाशी सिनेमाने एकदा चांगलीच झटापट केली. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने काही अमेरिकन गुन्हेपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे म्हटले. एरवी चित्रीकरणात एक मुख्य दिवा असतो, त्याने पडलेली सावली सौम्य करायला दुसरा आणि माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा दिसावा म्हणून मागून तिसरा. या चित्रपटांनी दुसरा दिवा विझवला किंवा अगदी मंद केला. चेहरा अर्धा उजळला, अर्धा काळोखात गेला. खिडकीच्या पट्ट्यांची सावली तुरुंगाच्या गजांसारखी अंगावर पडू लागली. हे चित्रपट करणाऱ्यांत फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर यांच्यासारखे हिटलरमुळे युरोप सोडलेले लोक होते.

आपल्याकडे याच्या अगदी जवळ जाणारा चित्रपट म्हणजे बॉम्बे टॉकीजचा 'महल' (१९४९). दिग्दर्शक कमाल अमरोही आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग. ओसाड हवेलीत, अर्धवट उजेडात नायकाला एक स्त्री दिसते. तो तिला गतजन्मीच्या प्रेयसीचा आत्मा समजतो. ती निघते माळ्याची मुलगी. पुढे त्याची पत्नी विष घेते आणि मरताना आळ त्याच्यावर घालते. न्यायालय त्याला फाशी सुनावते. खरे काय ते नंतर कळते. आधी डोळा चुकतो, मग कायदाही चुकतो.

विर्शिंग म्युनिकचे. १९२५ मध्ये 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी ते प्रथम भारतात आले आणि पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये स्थिरावले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते जर्मन होते. त्या दिवसांचा 'महल'मधल्या सावल्यांशी संबंध जोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण केवळ जन्मावरून संशयित ठरलेल्या माणसाच्या कॅमेऱ्याने तो काळोख टिपला, हे विसरताही येत नाही.

विसरता येत नाही, कारण झोत आपल्याही तोंडावर पडतो. २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर मुस्लिम तरुणांना अटक झाली. विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. अटकेवर पडला तेवढा उजेड मुक्ततेवर पडला का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

कुणी म्हणेल, मग काय गुन्हे अंधारातच ठेवायचे? मुळीच नाही. ज्यांची माणसे मेली त्यांना सत्य कळलेच पाहिजे. पण चेहऱ्याचा जो भाग आपल्याला दिसत नाही, ते आपले अज्ञान असते. त्याला समोरच्याचे पाप म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सूरह हुजुरातमध्ये फाजील संशय आणि दुसऱ्याची गुपिते हुडकत फिरणे, या दोहोंना एकाच आयतीत मनाई आहे. न्यायालय ज्याला शंकेचा फायदा म्हणते, तोही याच समजुतीचा नातलग आहे. आणि ही मनाई आम्हालाही लागू आहे. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीबद्दल, नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाबद्दल, वेगळे मत मांडणाऱ्या आपल्याच माणसाबद्दल आम्हीही झोत रोखून निकाल देतोच. तेव्हा बॅटरी आमच्याच हातात असते आणि आमचा चेहरा कुणालाच दिसत नसतो.

रात्री कुणी समोरून आले तर बॅटरी त्याच्या तोंडावर मारू नये, खाली पायाशी धरावी, असे जुनी माणसे सांगत. त्याने समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि वाट दोघांनाही दिसते. एकमेकांचे चेहरे पूर्ण दिसत नाहीत हे खरे. पण ओळख पटवायला आवाज असतो, दोन शब्द बोलायला वेळ असतो.