तळटीपेतली द्रौपदी

पुराणकथेवर कादंबरी लिहिणाऱ्याने संशोधनाचं ऐकावं की श्रद्धेचं? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात हजारावर हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भर स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून झिडकारणारी द्रौपदी या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही; ती तळटीपेत गेली. मग कर्णावर लिहिणाऱ्याने तो प्रसंग गाळावा? लोकांच्या मनातलं महाभारत तेच खरं, असा आक्षेप येईल, आणि तो निम्मा बरोबरही आहे. पण ते शब्द मागाहून कुणी तिच्या तोंडी घातले असतील, तर कुळाचा प्रश्न ते घालणाऱ्याला छळत असणार. कादंबरीकाराला याहून मोठं घबाड कोणतं? प्रसंग खुशाल वापरा. मात्र एका बाईच्या माथी उर्मटपणा मारण्याआधी ती तळटीप वाचा.